झेडनंतरची खाट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मग ऐक.

पप्पांना मुलुंडच्या हॉस्पिटलातून घरी आणायला गेले होते. भर दुपारी. तिथल्या खाटांना नंबर नाहीत, अक्षरं आहेत. तेरा नंबरवर कोणी झोपायला तयार होईना म्हणून मालकाने बदलून घेतलं. पप्पांची खाट झेड, सगळ्यात शेवटची, भिंतीला लागून.

जया सिस्टरने डिस्चार्जचं बटण दाबलं. स्क्रीनवर शेवटच्या भरलेल्या खाटेचं अक्षर असतं; माणूस गेला की ते एक मागे यायला हवं. झेडचं झेडच राहिलं.

"असंच होतं गं," ती हळूच म्हणाली. "पुढे जातं, मागे येतच नाही. घरी गेलेल्यांचे लोक फोन करतात. विचारतात, डिस्चार्ज... नक्की झाला ना?"

ते सॉफ्टवेअर आमच्याच ऑफिसातल्या केतनने बनवलेलं. लावला त्याला फोन.

"अगं, आधी नंबर होते ना, कोड तेव्हाचाच आहे. अक्षराला प्लस प्लस केलं की पुढचं अक्षर येतं, झेडनंतर डबल ए. मागे आणायला मायनस मायनस केलं तर काहीच होत नाही. एररसुद्धा नाही."

"मग दुरुस्त कर ना!"

"केलंय, ऋता. परत परत केलंय. पण..."

तेवढ्यात स्क्रीनवर डबल ए आलं. नवा पेशंट कोणीच आला नव्हता.

"सिस्टर, ही खाट कुठेय?"

जया भिंतीकडे बघत राहिली. त्या भिंतीपलीकडे काही नाही गं. तिसरा मजला, खाली रिक्षा स्टँड. पलीकडून कोणीतरी खोकलं... अगदी पप्पांसारखं. माझी तर पाचावर धारण बसली.

म्हटलं, खड्ड्यात गेलं ते सॉफ्टवेअर. पप्पांना रिक्षात बसवलं आणि घाटकोपरला घेऊन आले.

आता ते इथेच असतात, हॉलमध्ये, भिंतीकडे तोंड करून. मला ओळखतात, नाव घेऊन हाक मारतात. आणि रोज विचारतात, "ऋता, घरी कधी नेतेस गं मला?"

"पप्पा, घरीच आहात ना तुम्ही!"

ते हसतात. लहान मुलाच्या थापेला हसावं तसं.

रोज ऑफिसात केतनच्या कॉम्प्युटरवरून मी ते डिस्चार्जचं बटण दाबते. एक एरर तरी येऊ दे रे देवा! येत नाही. मला रडूही येत नाही आता.

काल जयाचा फोन आला.

"ऋता... डबल एवाले काका पाणी मागतायत. तुझं नाव घेऊन."

मी पप्पांकडे बघितलं. ओठ कोरडे पडलेले. हातात मी सकाळी दिलेला ग्लास, काठोकाठ भरलेला.