लिफाफ्यातला निकाल

"वडिलांची नोकरी जाईल, बाई. तीही माझ्या हुशारीपायी."

दौंडच्या रेल्वे कॉलनीमागच्या दोन खोल्यांत येऊन वैष्णवी कोळपे पहिलं हेच बोलली. ललिता बारवकरांनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. बाई चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि आता लोकांची गुंतलेली प्रकरणं सोडवत. या कामातले त्यांचे जोडीदार माऊली, रेल्वेतले निवृत्त गार्ड, वही उघडून कोपऱ्यात बसले. बाईंचं डोकं कसं चालतं हे त्यांना कधीच कळलं नव्हतं, पण ते जवळून बघायला मिळतं यातच त्यांना धन्यता वाटे.

वैष्णवी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होती. एका न्यायाधीशबाईंनी ठिकठिकाणच्या न्यायालयांत अकरा वर्षांत दिलेले जमिनीचे दोनशे चौदा निकाल तिने आपल्या मॉडेलमध्ये घातले होते. सुरुवातीला न्यायाधीशबाई कागदोपत्री पुराव्याला धरून चालत. पुढे हळूहळू जागेवर प्रत्यक्ष काय आहे, याकडे झुकत गेल्या. हा कल आकड्यांत पकडून वैष्णवीने एका चालू दाव्याचं भाकीत लिहिलं आणि एक तारखेला लिफाफा बंद करून प्राचार्यांकडे दिला.

दावा वडगाव रासाईच्या मेंढपाळांचा होता. भीमेवर मेंढरं न्यायची जुनी वाट सर्जेराव पवारांनी आपल्या उसात बंद केली होती. बारा तारखेला निकाल लागला, वाट खुली करा. तेराला कॉलेजात लिफाफा उघडला, भाकीत खरं ठरलं आणि त्या कागदाचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला.

"त्या न्यायाधीशबाईंचे स्टेनो माझे वडील आहेत. सर्जेरावांची तक्रार आहे, की त्यांनी निकाल मला आधीच सांगितला. साक्षीदारही आहे. उद्या चौकशी."

"वडील काय म्हणतात?"

"काहीच नाही. लिफाफा उघडल्यापासून माझ्याशी बोललेले नाहीत."

बाईंनी कागद मागितले. माऊलींनी लिफाफ्यातला आधी वाचला. "दावा मंजूर होईल, शक्यता त्र्याऐंशी टक्के. मुख्य आधार, कोर्ट कमिशनरचा जागापाहणी अहवाल." मग निकालाचं शेवटचं पान. "पाहणीची सूचना प्रतिवादीला न दिल्याने कमिशनरचा अहवाल नाकारण्यात येतो. साक्षीदारांच्या जबानीवरून दावा मंजूर."

"काय डोकं हाय पोरीचं," माऊली म्हणाले. बाई मात्र दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिल्या.

दुपारी बाई आणि माऊली शिरूरला पोचले. वैष्णवीचे वडील ज्योतिबा कोळपे मान खाली घालून बोलले. "सव्वीस वर्षांत कोर्टातली गोष्ट घरात काढली न्हाई."

"निकाल तुम्ही टाइप कधी केला?"

"गेल्या महिन्यात. पानं एकदा घरी नेली व्हती."

बाई उठल्या. माऊलींना वाटलं, आता खेळ खलास.

संध्याकाळी सर्जेरावांच्या ओसरीवर साक्षीदार भेटला, त्यांचा ट्रॅक्टर चालवणारा शंभू.

"मी खोटी तक्रार करणारा माणूस न्हाई, बाई," सर्जेराव म्हणाले. "ह्यानं कानानं ऐकलंय."

शंभूने घसा साफ केला. "गेल्या महिन्याच्या अठ्ठावीसला, दौंड स्टेशनावर. ज्योतिबा लेकीला म्हणत व्हते, कमिशनरच्या अहवालावर निकाल दिलाय, वाट उघडणार."

"नेमकं असंच?"

"शब्दाला शब्द. कमिशनरचा अहवाल, दोनदा म्हणले."

बाईंनी मन लावून चहा प्यायला आणि निघाल्या.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीत सगळे जमले. बाई उभ्या राहिल्या.

"परीक्षेत नक्कल करणारा उत्तराबरोबर रीतही उतरवतो. वैष्णवीचं उत्तर बरोबर आहे, रीत चुकली आहे. ती अहवालावर विसंबली आणि निकालात तोच अहवाल नाकारलाय, तोही दावा मंजूर करण्याच्या आधीच्याच ओळीत. ते पान पाहिलं असतं तर ही चूक झालीच नसती."

"मुद्दाम केली असेल," अधिकारी म्हणाले.

"ज्या कागदावर नाव कमवायचं, त्यावर स्वतःचं शास्त्र कोण मुद्दाम चुकवेल? बरं, तिला सोडा. शंभू म्हणतो, ज्योतिबांनी अहवालावर निकाल दिल्याचं सांगितलं. अहवाल नाकारल्याचं वाक्य ज्यांनी स्वतः टाइप केलं, ते असं कसं सांगतील? ही चूक एकाच ठिकाणी होती, वैष्णवीच्या कागदावर. तेरा तारखेपर्यंत तो बंद होता. शंभूने स्टेशनावर काही ऐकलं नाही. मोबाइलवर फोटो वाचला आणि त्यातलं वाक्य ज्योतिबांच्या तोंडी घातलं."

शंभूने खाली बघितलं. "मालकास्नी लई लागलं व्हतं. वाटलं, जरा बरं वाटंल."

सर्जेराव जागचे उठले. तक्रार मागे घेतो असं त्यांनी लिहून दिलं आणि ज्योतिबांपुढे हात जोडले. माऊलींचा ऊर भरून आला. बाईंसाठी, आणि त्या पोरीच्या चुकीसाठीसुद्धा.

बाहेर व्हरांड्यात ज्योतिबा लेकीजवळ थांबले.

"पोरी, मी तुला इचारलंच न्हाई. मला वाटलं, तू ती पानं चोरून बघितलीस."

वैष्णवीचे डोळे भरले. "मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"न्हाई. भ्यालो व्हतो. तू व्हय म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं?" ते बाकावर टेकले. "तीन वर्षं मी बाईसाहेबांच्या समोर बसतोय. त्यांचं मन कुठं वळत चाललंय, मला कळलं न्हाई. तुला एवढ्या लांबून कसं दिसलं? मला नीट सांग."

ती त्यांच्या शेजारी बसली आणि पहिल्या निकालापासून सांगू लागली.