माझं मत विचारशील तर…

"या माणसाला अजून टीममध्ये कशाला ठेवलंय? द्या ना घरी पाठवून."

हे मी स्वतःशीच म्हणाले होते, तेही मराठीत. दोन हजार सहाचा ऑगस्ट, रविवारची दुपार, अटलांटाचं टर्नर फील्ड, तीसेक हजार माणसं, आणि आमच्या ब्रेव्हज या बेसबॉल टीमचा पिचर सपाटून मार खात होता. तिथे मराठीत काहीही बोललं तरी कुणाला कळत नाही, हा माझा पाच वर्षांचा अनुभव होता.

"कुणाला?" शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

वळून पाहिलं. नवी कोरी टोपी, तिच्यावर किमतीचं स्टिकर तसंच. मांडीवर भाजक्या शेंगांची पिशवी. आणि चेहऱ्यावर अगदी प्रामाणिक प्रश्न.

"तो… पिचर," मी म्हणाले. "चेंडू टाकतोय ना, तो."

"दमलाय बिचारा."

"म्हणूनच म्हणतेय."

"दमला की लगेच घरी?"

"प्रोफेशनल टीम आहे ही, धर्मशाळा नाही."

तो यावर काहीतरी म्हणणार होता, तेवढ्यात पाऊस आला. जॉर्जियातला पाऊस असाच येतो, आधी काही कळवत नाही. मैदानावरची माणसं भलीमोठी ताडपत्री ओढत धावली आणि आम्ही सगळे मागच्या छपराखाली पळालो. तो माझ्यामागोमाग आला. शेंगांची पिशवी त्याने शर्टाच्या आत धरली होती.

"संपली मॅच?"

"थांबलीये. उघडलं की पुन्हा सुरू."

"आणि तोवर?"

"तोवर उभं राहायचं."

पन्नास मिनिटं उभे होतो. तो गुरुनाथ, मूळचा सांगलीचा, अटलांटाजवळच्या अल्फारेटात येऊन दोन महिने झालेला. एका विमा कंपनीचं काम कॉन्ट्रॅक्टवर करत होता, मॅचचं तिकीट त्याला ऑफिसात कुणीतरी दिलेलं. मी रेणू, नागपूरची, एमएस करायला आले आणि इथेच राहिले. चौदा वर्षं आपला गट जिंकणारी ही टीम यंदा का ढेपाळली, कुणाला काढायला हवं, कुणाला आधीच काढायला हवं होतं, हे मी त्याला सविस्तर सांगितलं. तो ऐकत होता. मधेच न बोलता एक शेंग फोडायचा, एक दाणा स्वतः खायचा आणि दुसरा माझ्या तळहातावर ठेवायचा. पाऊस थांबल्याचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

खरं तर खेळाबद्दल मत असणं हा माझा स्वभावच आहे, आणि तो खेळापुरता राहत नाही. घरच्यांनी सुचवलेल्या चार मुलांना मी एकेका कॉफीत निकालात काढलं होतं. प्रत्येक वेळी कारण चोख. आई फोनवर म्हणायची, "अगं, सगळ्यांत काहीतरी खोट काढतेस." मी म्हणायचे, "मी काढत नाही, असते ती. मला फक्त दिसते."

गुरुनाथ परत भेटला तो गणपतीत. आमच्या मंडळाची आरती शाळेच्या कॅफेटेरियात होते, आणि आरती झाली की त्याच टेबलांवर त्र्यंबककाकांची फँटसी फुटबॉल लीग मांडली जाते. काका निवृत्तीला टेकलेले, कडक शिस्तीचे. बारा जण, प्रत्येकाने खऱ्या अमेरिकन फुटबॉल टीम्समधून पंधरा खेळाडू निवडायचे. रविवारी तो खेळाडू जेवढा चांगला खेळेल तेवढे पॉइंट आपल्याला, आणि दर रविवारी दोघादोघांची गाठ. नको असलेला केव्हाही काढायचा, दुसरा घ्यायचा. सलग तीन वर्षं मी जिंकत होते.

त्या वर्षी एक मेंबर न्यू जर्सीला गेला होता. त्याच्या जागी काकांनी गुरुनाथला बसवलं, नेमका माझ्या शेजारी.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," तो कुजबुजला.

"मग बसलास कशाला?"

"तू बसली होतीस म्हणून."

मी यादीत डोकं घातलं. कान गरम झाले होते, पण कॅफेटेरियाचा एसीही बंद होता. त्याची शेवटची पाळी आली तेव्हा तो गोंधळून नुसता कागदाकडे बघत राहिला. माझ्या मनात एक तरुण रिसीव्हर होता, पास झेलणारा; त्याच फेरीत माझी पाळी आली की मी त्याला स्वतः घेणार होते.

"याला घे," मी बोट ठेवलं.

"चांगला आहे?"

"माझं मत विचारशील तर… या वर्षी कमाल करेल."

त्र्यंबककाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "रेणू, प्रतिस्पर्ध्याला मदत? तब्येत बरी आहे ना तुझी?"

तो रिसीव्हर तिसऱ्याच आठवड्यात गुडघा मोडून बसला. पूर्ण सीझन बाद. मी गुरुनाथला फोन केला. "काढ त्याला लगेच. जागा अडवून बसेल."

"बरं. काढतो."

फोन तिथे संपायला हवा होता, पण तासभर चालला. मग त्याचा फोन दर मंगळवारी यायला लागला. याला ठेवू का, त्याला घेऊ का… निमित्त एवढंच. मी मत द्यायचे, तो विचारायचा, "पण त्याला काय वाटेल गं, काढल्यावर?" मी हसायचे. "त्याला कळणारही नाही, यार. तो कुठे, आपण कुठे." पुढेपुढे खेळाडूंचं बोलणं दहा मिनिटांत आटपायचं आणि सांगलीची थंडी, त्याच्या वडिलांचा छापखाना, माझी रूममेट, असं काहीही चालायचं. रविवारी काकांच्या बेसमेंटमध्ये सगळे मॅच बघायला जमत. पोह्यांवर मला लिंबू जास्त लागतं, हे तिथे फक्त त्यालाच माहीत होतं. न मागता फोड माझ्या ताटलीत यायची. मला तो आवडत होता. हे मला कळत होतं, पण यावर मत द्यायचं मी टाळत होते.

नोव्हेंबरात त्याला पार पश्चिम किनाऱ्याकडच्या रेडमंडच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर आली. पक्की नोकरी, ग्रीन कार्डाची खात्री, त्याला हवं तसं काम. इथला प्रोजेक्ट डिसेंबरअखेर संपणार होता. विमा कंपनी आणखी एक वर्ष ठेवायला तयार होती, पण तेच रटाळ काम, आणि पुढचं सगळं अधांतरी.

"जाऊ का?" त्याने पार्किंग लॉटमध्ये विचारलं.

"ऑफर सॉलिड आहे," मी म्हणाले.

पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारलं. मी दोन्ही नोकऱ्यांचे फायदे-तोटे मांडून दिले. मी स्वतः हलू शकत नव्हते. माझं ग्रीन कार्डाचं काम इथल्या कंपनीकडून अर्ध्यावर आलेलं, निदान दोन वर्षं तरी नोकरी सोडणं शक्य नव्हतं. ते मी त्या मांडणीत घेतलंच नाही, कारण त्याच्या नोकरीशी त्याचा संबंध नव्हता.

तिसऱ्यांदा विचारलं ते डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, इंडियन ग्रोसरीत. आम्ही भाजी घेत होतो. सोमवारी सकाळी नऊपर्यंत त्याला कळवायचं होतं.

"रेणू, जाऊ का?"

"तुझ्यासारख्याने जायलाच हवं," मी म्हणाले. आवाज अगदी व्यवस्थित होता. "इथे राहून काय मिळणार आहे तुला?"

त्याने मान हलवली. हातातली मेथीची जुडी थोडा वेळ तशीच धरली आणि मग माझ्या बास्केटमध्ये ठेवली. "तूच कर," म्हणाला. "माझ्याकडून आता एवढी संपायची नाही."

दुसऱ्या दिवशी लीगची सेमीफायनल होती आणि समोर तोच, पहिल्या आठवड्यानंतर प्रथमच. समोरच्याची टीम बारकाईने बघायची हा माझा दर रविवारचा नेम. सकाळी चहा घेऊन लॅपटॉप उघडला. त्याचे चौदा खेळाडू ठीकठाक होते. पंधराव्या ओळीत नावापुढे लाल अक्षरात 'आउट' लिहिलेला तो रिसीव्हर होता. गुडघा मोडलेला. मी निवडून दिलेला. दहा आठवडे गुरुनाथने ती जागा तशीच अडवून ठेवली होती, आणि एक माणूस कमी घेऊन सेमीफायनलपर्यंत आला होता.

माझा पहिला विचार असा, की मूर्ख आहे. मग माझ्या टीमकडे पाहिलं. सप्टेंबरात घेतलेल्या पंधरांपैकी तीन उरले होते. बाकीच्यांची नावंही मला नीट आठवेनात.

चहा निवला. मी खूप वेळ विचार करत बसले. खुर्चीत बसून सांगायला काय जातं, याला काढा, त्याला पाठवा… तो गेला तर माझं काही जात नाही. मला सोमवारी ऑफिस असतंच. माझी सगळी मतं अशीच होती, त्यांत माझं काही पणाला लागलेलं नसायचं. गुरुनाथने तीनदा विचारलं ते नोकरीबद्दल नव्हतंच. नोकरीचं त्यालाही कळत होतं. आणि मी तिन्ही वेळा त्याला नोकरीबद्दल सांगितलं, कारण 'जाऊ नकोस' म्हटलं असतं तर त्यापुढच्या सगळ्याला मी जबाबदार असते. मला त्याची भीती वाटली होती. साधी भीती. एवढी हुशारी करून शेवटी निघालं ते एवढंच.

काकांच्या बेसमेंटमध्ये पोहोचले तर टीव्हीसमोर गर्दी, सोफ्याच्या कडेला गुरुनाथ. त्र्यंबककाका म्हणाले, "ये, ये. तुमच्या दोघांच्या खेळाडूंची पहिली मॅच लागतेच आहे."

"काका, पाच मिनिटं. गुरुनाथ, जरा बाहेर येतोस?"

मागच्या अंगणात गेलो. थंडी होती, ओकची झाडं पार बोडकी झाली होती. तो खिशात हात घालून उभा राहिला.

"तू त्याला काढलं नाहीस," मी म्हणाले.

त्याला लगेच कळलं. "नाही."

"मी पाच वेळा सांगितलं, पाच वेळा 'काढतो' म्हणालास."

"सहा वेळा." तो जमिनीकडे बघून हसला. "तू आपणहून मला दिलेला तो एकच होता, रेणू. बाकी सगळे मी विचारून घेतले. काढवेना."

"त्याने तू हरशील."

"हरेन की."

इतक्या सहज म्हणाला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी आमच्यातलं कोण जिंकलं, हे मला दुसऱ्या दिवशी काकांच्या ईमेलवरून कळलं.

"कळवलंस रेडमंडला?"

"मेल लिहून ठेवलाय. पाठवला नाही अजून."

"मग परत विचार मला."

"काय?"

"काल विचारलंस ते."

त्याने मान वर केली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. खूप जपून, जणू शब्द सांडतील अशा बेताने त्याने विचारलं, "रेणू… जाऊ का?"

"नको."

"कारण?"

कारणं द्यायची माझी सवय. तोंड उघडलं, आणि एकही आलं नाही.

"कारण नाहीये," मी म्हणाले. "ऑफर चांगली आहे, इथे राहिलास तर तुझं नुकसान आहे, हे मी तुला नीट मांडून दाखवलंय. ते खरंच आहे. तरी… नको जाऊस. मला तू आवडतोस. मला तू इथे हवायस. हे माझं मत नाहीये, गुरुनाथ. मी मागतेय."

आतून टीव्हीचा आवाज येत होता.

"आणि दोन वर्षांनी," तो सावकाश म्हणाला, "मला पस्तावा झाला तर?"

"होईल कदाचित."

"मग?"

"मग माझ्यावर चीड. भांड. जे काय बोलायचं ते बोल." मी त्याच्याकडेच बघत राहिले. "मी समोर असेन."

त्याने खिशातून हात काढले आणि माझे गारठलेले हात त्यात घेतले.

"बरं," तो म्हणाला.

आत कुणीतरी टचडाउन केलं असावं, सगळे एकदम ओरडले. आम्ही दोघांनीही वळून पाहिलं नाही.