अर्धा राहिलेला हात

दौंडच्या सार्वजनिक चित्रशाळेचा वर्धापनदिन होता, आणि ती सांभाळणारी सुलक्षणा दुपारीच साडी नेसून भाषणाची तयारी करत होती. संध्याकाळी चित्रशाळेचा इतिहास सांगायचा, म्हणजे सुरुवात गेणबा पेंटरपासूनच. रेल्वेच्या पाट्या रंगवणारा हा माणूस रिकाम्या मालगोदामात चित्रं काढायचा. शेवटचं चित्र अर्ध्यावर टाकून तो वारला. लोकांनी ते तसंच भिंतीवर लावलं आणि त्याच गोदामात एवढी मोठी चित्रशाळा उभी केली. चित्रात एक परकरी मुलगी होती, डावा हात नुसत्या कोळशाच्या रेघांचा. ती मुलगी म्हणजे सुलक्षणाची आई, सारजाबाई.

सुलक्षणा दालनात आली तर झेंडूचा वास कोंदलेला. नवे शिपाई ज्ञानूमामा शाबासकीची वाट बघत उभे. शहाण्याने सगळ्याच चित्रांना हार घातले होते!

"मामा, ही माझी आई हाय. जित्ती हाय!"

"आरं देवा... मला वाटलं, समदी जुनी मान्सं गेल्याली."

जिवंत माणसाच्या तसबिरीला कुणी हार घालतं का? सुलक्षणाने तो ओरबाडून काढला. एरवी ती असल्या गोष्टींना हसायची, आज मात्र तिला राहवलं नाही. तिने भांडगावला आईला फोन लावला.

"आई, बरी हायेस न्हवं?"

"व्हय... पर हळू बोल." आईचा आवाज दबका होता. "मगाधरनं गेणबा पेंटर आलाय. म्हनतो, हलू नगंस... थोडंच ऱ्हायलंय."

"आई, तो कवाच मेलाय! ऊठ, शेजारच्या अनसाबाईला हाक मार!"

"कशी उठू? हात हलत न्हाई गं..."

झेंडूच्या वासात आता टर्पेंटाइनचा वास मिसळला. सुलक्षणाने वर पाहिलं. कोळशाच्या रेघांवर ओला रंग चढला होता. हिरव्या बांगड्या, खुरप्याचा जुना वण, सुरकुत्या. परकऱ्या पोरीच्या खांद्याला आईचा आजचा हात होता. करंगळी तेवढी रंगायची राहिली होती.

फोनमध्ये आईचा श्वास मंद होत चालला. सुलक्षणाला ते सहन होईना. तिने पदर धरला आणि तो सगळा हात खसाखसा पुसून टाकला. कोरा कॅनव्हास उघडा पडला.

"गेला गं..." आईने मोठा श्वास घेतला. "हलला बघ हात. लई रागावला व्हता. म्हनला, तू ऱ्हाऊ दे... आता लेकीला बसवतो."

सुलक्षणाला मागे वळून ज्ञानूमामांना हाक मारायची होती. पण मान वळेना. पाठीमागे कुणीतरी कॅनव्हासवर कोळसा ओढत होतं, सावकाश.

"हलू नगंस," ते म्हणालं.

आवाज ज्ञानूमामांचा नव्हता.