मढ्याच्या वाटेचं फाटक

शेकोटीत अजून एक लाकूड टाका आणि ते मोबाइल ठेवा खिशात, नाहीतर मी आपला घरी जातो. मघाशी हा शहाणा म्हणाला, स्कारबेक हॉलच्या बागेतून रात्री जायला कसली भीती! तू दिवसाच जा लेका. एमॉस फिअरनचं काय झालं ते आधी ऐक. एमॉस माझा शेजारी, हॉलच्या त्या वाड्याचा रखवालदार. दारू घेणारा होता, नाही कशाला म्हणू? पण शनिवारी. आणि ही गोष्ट गुरुवारची.

कँडलमासचा, मेणबत्त्यांच्या सणाचा दिवस, दोन फेब्रुवारी. तीन वर्षं झाली. हॉलचे मालक, म्हातारे कर्नल सर रोलंड आस्कर्बी, दोन दिवसांपूर्वी गेले होते. हॉलच्या मोठ्या दालनात उघड्या शवपेटीत त्यांना गणवेश घालून निजवलं होतं. रात्रीची जेवणं उरकली तसा त्यांचा पुतण्या पिअर्स एमॉसला म्हणाला, "चर्चकडच्या फाटकाला कुलूप आहे ना, तेवढं बघून ये. उद्या वरच्या वाड्यांतली माणसं येतील. बागेतून घुसायला नकोत."

"आणि कर्नलसाहेबांना न्यायचं कुठून?"

"मोठ्या रस्त्यानं, गाडीतून. काका मरताना बजावून गेलेत. त्यांचीसुद्धा पेटी बागेतून न्यायची नाही."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो असा. तुम्हा पोरांना ठाऊक असेल नसेल, बागेतून चर्चला जाणारी ती जुनी मढ्याची वाट. कर्नलच्या आजोबांनी भिंत घालून ती बंद केली. आणि आपल्याकडे समज असा, की कुणाच्या जमिनीवरून शवपेटी एकदा खांद्यावर गेली, की ती वाट कायमची गावाची. वकील घसा फोडून सांगतात, कायद्यात असलं काही नाही. पण ऐकेल तो आस्कर्बी कसला! कर्नल माणूस भित्रा नव्हता हो. तरुणपणी एडनच्या वाळवंटात जखमी शिपायाला रात्रभर पाठीवर घेऊन चालला, तेव्हापासून पाय अधू झाला. छातीवर पदक होतं ते फुकटचं नव्हे. पण जमिनीचा विषय निघाला की डोळ्यांत माणुसकी म्हणून राहायची नाही.

तीस वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात एमॉसची सासू वरच्या वाडीत वारली. रस्ता बर्फानं बुजलेला. बागेतून चर्च हाकेच्या अंतरावर. एमॉसची बायको इसा कर्नलच्या पाया पडली. कर्नल म्हणाले, "आज तुझी आई, उद्या अख्खी दरी." आणि फाटकावर पहाऱ्याला कोणाला उभं केलं? एमॉसला! खुद्द जावयाला. नोकरी गेली तर घरही जाणार, म्हणून तो उभा राहिला. सहा खांदेकऱ्यांतला सहावा तोच व्हायचा. पाच जण पेटी घेऊन डोंगरावरून निघाले, वाटेत अंधारलं, आणि पेटी रात्रभर मेंढ्यांच्या वाड्यात राहिली. इसाचा बाप त्या पाचांतलाच, तो शेजारी बसून राहिला. आठवड्याभरात तोही गेला.

तेव्हापासून इसा नवऱ्याशी कामापुरतं बोलायची. "चहा झालाय." "कुत्र्याला बांध." संपलं. भांडली असती तर बरं, असं एमॉस मला म्हणायचा. तिनं एकदा माफ करावं, एवढ्यासाठी तो माणूस झुरत होता.

तर एमॉस फाटकाशी पोचला. चांदणं होतं. कुलूप जागच्या जागी. तो वळणार, इतक्यात बागेतून पावलं ऐकू आली. एक जड, एक ओढत. एक जड... एक ओढत.

त्याला ती चाल चांगली ठाऊक होती.

कर्नल गणवेशात होते. फाटकाशी येऊन थांबले. तोंडातून वाफ नाही. एमॉसची पाचावर धारण बसली.

"उघड."

"साहेब... हुकूम तुमचाच..."

"उघड, एमॉस." जरा वेळानं हलक्या आवाजात म्हणाले, "ती बाहेर थांबली आहे. तिच्या आधी मला सोडत नाहीत."

एमॉसनं फाटकापलीकडे पाहिलं. रस्त्यावर माणसं होती. मघाशी नव्हती. खांद्यांवर शवपेटी. टोप्यांवर, दंडांवर बर्फ. आणि कर्नल गेले त्या हिवाळ्यात बर्फ पडलाच नव्हता, पोरांनो.

माणसं पाच.

किल्ली लागेना. त्यानं फिरवून पुन्हा घातली. लागली. फाटक करकरलं.

ती पाच जणं आत आली. पेटी एका बाजूला कलली होती. थांबली. सगळे एमॉसकडे बघत होते... बघत होते... मागच्या खांदेकऱ्याचं तोंड त्यानं ओळखलं. सासरा.

जागा कुणाची हे एमॉसला कळलं. तो पुढे झाला. रडत होता तो. मला स्वतः सांगितलंय त्यानं.

छातीवर हात आला. गार.

"मागे हो. हुकूम माझा होता."

कर्नलनी खांदा दिला. पेटी सरळ झाली.

गेले. गवतावरून... चर्चकडे... एक पाऊल ओढत.

एमॉस उजाडेपर्यंत तिथंच बसला. घरी बायकोला काही बोलला नाही.

शुक्रवारी सकाळी गाव दर्शनाला आलं. मेल्या म्हशीला मणभर दूध, तशी कर्नलची स्तुती चाललेली. इसा लोकलाजेस्तव रांगेत आली, पेटीशी पोचली आणि खिळून उभी राहिली. मागची माणसं कुजबुजायला लागली, म्हणून एमॉस पुढे गेला.

कर्नलच्या गणवेशाचा उजवा खांदा चेपून खाली गेला होता आणि त्यावर बर्फ होता. दालनात शेकोटी धडधडत होती, तरी वितळत नव्हता.

इसानं त्याला बोट लावलं. मग न वळता म्हणाली, "फाटक कुणी उघडलं?"

"मी."

तिनं एमॉसचा हात धरला. इतक्या घट्ट, की नखं रुतली. सगळ्या गावासमोर, आणि सोडला नाही.

पिअर्स रागावला, कुणाची ही थट्टा म्हणून. रुमाल काढून त्यानं सगळा बर्फ नीट पुसून टाकला. आम्ही पाहिलं. मग झाकण लावायला माणसं आली, आणि पाहतात तो बर्फ होता तेवढाच परत खांद्यावर.