भिंतीला पाणी

चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं, आतले दिवे मालवलेले होते, आणि बाहेरच्या भिंतीवरच्या जुन्या मीटरची चकती मात्र मुंगीच्या पावलांनी फिरत होती. ठिणगी तिथेच थबकली. खरं तर ती डोळे तपासून घ्यायला आली होती. वायरमनच्या परीक्षेला बसायचं तर रंग नीट ओळखता येतात असा दाखला लागतो. लाल तार काळी समजणाऱ्याच्या हाती कोण शहाणा आपलं घर देईल? पण मीटर दिसलं की मान वर करून बघायचंच, ही खोड तिला प्रशिक्षण केंद्रात लागली होती आणि मास्तरांच्या हाताखाली उमेदवारी करताना ती पक्की झाली होती. ठिणगी हे नावही मास्तरांनीच ठेवलेलं, तिच्या रागावरून.

"मीटर वाचायला आलात?" शटरखालून वाकून एक तरुण बाहेर आला. डोळ्यांवर जाड भिंगं, पाय अनवाणी.

"नाही, डोळे तपासायला. दुकान बंद केलंत?"

"जेवायला चाललो होतो. पण तुमचे डोळे बघून... म्हणजे तपासून जाईन."

"आधी सांगा, आत काय चालू ठेवलंय? पंखा?"

"काहीच नाही. दुपारी सगळी बटणं बंद करतो मी."

"मागे घर आहे ना? घरात कोण असतं?"

"मी एकटाच."

"मग वीज कोण खातंय?"

चष्मेवाल्याने चकतीकडे पाहिलं. त्याला जराही नवल वाटलं नाही. ते पाहून भर उन्हात ठिणगीच्या मानेवर काटा आला. तो मग हसला, आणि ते हसणं इतकं गोड होतं की आपण काय विचारलं होतं तेच ती विसरून गेली.

रंगीत ठिपक्यांची पानं एकेक करून तो तिच्यापुढे धरू लागला. ठिपक्यांत लपलेले आकडे ती धडाधड सांगत सुटली.

"आणि हा?"

"सहा. आणि तुमचे कान लाल झालेत. तोही रंग ओळखला, लिहा."

"लिहितो ना. नजर तीक्ष्ण, जीभ त्याहून तीक्ष्ण."

दाखला घेऊन ती निघाली तेव्हा पाय जड झाले होते. मास्तरांना तिने चकतीबद्दल सांगितलं, बाकीचं नाही. पण मास्तर बारा गावचं पाणी प्यालेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"घरात चोर आहे. वीज कुठेतरी गळतेय," ते म्हणाले. "त्याला विचार, तपासून देऊ का म्हणून. हो म्हणाला तर अख्खं घर तू एकटीने तपासायचंस. शेवटी मी येऊन बघेन. जमलं तर परीक्षेच्या अर्जावर माझी सही. नाही जमलं तर आणखी एक वर्ष माझी शिडी धरायची. आणि पोरी, त्याच्याकडे बघत बघत वायर सोलू नकोस, बोट जाईल."

चष्मेवाल्याने हो म्हणायला क्षणभर वेळ लावला. पण म्हणाला.

काम सोपं होतं. ती आत बोर्डापाशी एकेक फ्यूज काढणार, तो बाहेर मीटरपाशी उभा राहून चकती थांबली का ते सांगणार. ज्या फ्यूजला चकती थांबेल, त्याच वाटेवर चोर.

"फिरतेय?" ती ओरडली.

"फिरतेय."

"आता?"

"माझं डोकं फिरतंय. तुम्ही दिवसभर असंच ओरडणार आहात का?"

"सवय करून घ्या."

"कायमची?"

ठिणगीच्या हातातून फ्यूज निसटता निसटता राहिला. ओठ चावत तिने तो परत बसवला आणि शेवटचा काढला. बाहेरून काहीच आवाज आला नाही.

"अहो, फिरतेय का?"

"थांबली." त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "परत लावा तो. लवकर लावा."

तो फ्यूज मागच्या खोलीचा होता. त्या खोलीच्या दाराला कडी होती. "तेवढी खोली राहू द्या," तो म्हणाला. नंतर तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने स्वतःच कडी काढली.

पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती. उशाशी बायकी चष्मा होता, काचा लख्ख पुसलेल्या. आई दोन पावसाळे याच पलंगावर पडून होती आणि मग गेली, हे त्याने दारातच सांगून टाकलं. ठिणगीची नजर मात्र पलंगामागच्या भिंतीवर खिळली. भिंत कंबरेइतक्या उंचीपर्यंत ओली होती. बाहेर उन्हाने डांबर वितळत होतं, विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि ही भिंत आताच न्हाऊन आल्यासारखी चकाकत होती.

"इथून नळ जातो?"

"नाही."

"वर टाकी आहे?"

"नाही." तो हळूच पुढे झाला आणि त्याने भिंतीवर तळहात टेकवला. त्याचे डोळे मिटले. दंडावरची लव उभी राहिलेली तिला स्पष्ट दिसली. "आई हात धरते," तो म्हणाला.

ठिणगीने खिशातला टेस्टर काढला आणि त्याचं टोक ओल्या गिलाव्यावर टेकवलं. आतला इवलासा दिवा लाल झाला.

"हात काढा!" ती ओरडली. "भिंतीत करंट उतरलाय."

"तुम्ही त्याला करंट म्हणता." त्याने हात काढला, पण सावकाश, जसा कुणाचा निरोप घ्यावा. "तुम्ही आलात ना, त्या दिवशी तिने जरा जोरात धरला. तुम्ही आवडलात तिला."

ती घरी आली ती अंगात ताप असल्यासारखी. वेड्याच्या नादी लागले, असं तिने स्वतःला दहादा बजावलं. पण डोळे मिटले की ते गोड हसू समोर यायचं, आणि त्याच्यामागे ती ओली भिंत. भिंत वाळली तर करंट आपोआप थांबेल, कुणाला काही सांगावंही लागणार नाही, अशी तिने मनाची समजूत घातली. फक्त पाणी कुठून येतं ते सापडायला हवं. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळेच्या बरीच आधी, छप्पर बघायला म्हणून ती गेली.

मागची खोली उघडी होती. आत तो कुणाशी तरी बोलत होता.

"अजून देऊ? उन्हाळा आहे, पी पोटभर."

दाराआडून ठिणगीने पाहिलं. हातात तांब्या घेऊन तो भिंतीवर पाणी ओतत होता, आजारी माणसाच्या तोंडाला भांडं लावावं तितक्या जपून. पाणी गिलाव्यात मुरत होतं. भिंतीतून अगदी बारीक चुरचुर ऐकू येत होती. रिकामा तांब्या त्याने खाली ठेवला. ओल्या फरशीवर, अनवाणी पायांनी, तो दोन्ही हात पुढे करून भिंतीकडे झुकला.

ठिणगी पळाली, पण दाराकडे नाही. बोर्डाशी जाऊन तिने शेवटचा फ्यूज उपसला आणि मुठीत घट्ट धरला.

आतून हाक आली. "आई?" थोड्या वेळाने पुन्हा, लहान मुलाची असावी तशी. "आई...?"

ती दारात आली तेव्हा तो भिंतीला गाल लावून उभा होता.

"रोज पाणी घालता?"

"वाळली की ती गप्प होते."

"आणि रोज जास्त घालता."

त्याने रिकामा तांब्या उचलून पोटाशी धरला.

"वीज आहे हे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"उशाशी दिवा हवा म्हणाली होती. वायर मीच ओढली." तो भिंतीशीच बोलत होता. "पुरली नाही, म्हणून मधे जोड दिला. पट्टी गुंडाळली नाही. वरून गिलावा केला. ती गेल्यावर एकदा भिंतीला हात लागला आणि... तिने जिवंतपणी कधी माझा हात धरला नाही हो. कडक होती फार. मग म्हटलं, आता धरतेय तर धरू दे."

जोड कधी भिंतीच्या पोटात ठेवायचा नाही, हे प्रशिक्षण केंद्रात अगदी सुरुवातीला घोकून घेतात. ज्याला ते कुणी शिकवलं नाही त्याने आईच्या उशाशी मरण पुरून ठेवलं होतं, तेही मायेने. ठिणगीला रडू कोसळलं.

"तुम्ही राहायला या ना इथे," तो एकदम वळून म्हणाला. भिंगांमागचे डोळे चमकत होते. "लग्न करून या. खूप दिवसांपासून सांगायचं होतं... म्हणजे भेटल्यापासून. फक्त ही खोली अशीच राहू द्या. बूट काढून एकदा हात लावा, तुम्हाला कळेल. ती तुम्हालाही धरेल."

आणि खोटं कशाला सांगायचं, एक क्षण ठिणगी वाकली, तिचा हात बुटाच्या नाडीकडे गेला. इतक्या प्रेमाने तिला आजवर कुणी काही मागितलं नव्हतं. मग त्या बोटांची तिलाच भीती वाटली. ती ताडकन उभी राहिली.

"मला तुम्ही हवे आहात," ती म्हणाली. "पण ही वायर मी आजच काढणार. मग तोंड बघितलं नाहीत माझं, तरी चालेल."

"चालेल?"

"नाही चालणार. तरी काढणार."

तिने छिन्नी लावली. गिलाव्याचे पापुद्रे पडत गेले आणि आतून तो जोड निघाला, हिरवा, गंजलेला, उघडा. तो पलंगाच्या कडेवर बसून बघत राहिला. तिने वायर ओढून बाहेर काढली तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले. ठिणगी जायला निघाली तेव्हा त्याने नुसतं एवढंच म्हटलं, "दार लावून घ्या."

मास्तर आले, त्यांनी घरभर विजेची गळती मोजणारं मेगर यंत्र लावून सगळं तपासलं, मागच्या खोलीतल्या उघड्या भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि सही केली. परत येताना ते म्हणाले, "पोरी, चोर पकडलास तू."

दुकानाचं शटर त्यानंतर तिला उघडं दिसलं नाही. ती रोज त्या रस्त्याने जायची आणि रोज स्वतःवर चिडायची. माणूस जिवंत आहे ना, मग झालं, असं म्हणायची. पण तेवढ्याने काही झोप लागत नव्हती.

परीक्षा लेखी झाली, तोंडी झाली, मग प्रात्यक्षिक. तिने बोर्ड जोडला, परीक्षकाने मुद्दाम ठेवलेला दोष शोधला, दिवा लावून दाखवला. परीक्षक "छान" म्हणाले. हे ज्याला सांगावं असं वाटलं, तो बोलत नव्हता. हात पुसत ती केंद्राच्या फाटकाबाहेर आली.

चष्मेवाला समोर उभा होता. वाळून काटकुळा झालेला, दाढी वाढलेली. दोन्ही तळहात पुढे उघडे धरलेले, जणू त्यांवर काही ठेवलंय. येणारे-जाणारे वळून बघत होते.

"मी पाणी घालणं थांबवलं नव्हतं," तो म्हणाला. "तू गेल्यावरही रोज घालत होतो. तांब्या तांब्या. रात्र रात्र हात लावून बसलो. काही नाही. नुसती ओली भिंत."

तू. त्याने तिला तू म्हटलं होतं. मग तिनेही अहो सोडलं.

"रागावलास माझ्यावर?"

"खूप. इतका राग मला कधी कुणाचा आला नव्हता. घरात भिंतीला सांगून बघितला, ती ऐकत नाही. मग म्हटलं... रागवायला तरी तुझ्याशिवाय आहे कोण मला?"

ठिणगीच्या डोळ्यांपुढचं फाटक, रस्ता, माणसं, सगळं पाण्यात गेलं. तिने बाहीने नाक पुसलं आणि फाटकाजवळच्या पायरीवरची धूळ झटकली.

"मग असा उभ्याने का रागावतोस?" ती म्हणाली. "ये, बस इथे. अगदी पहिल्यापासून सांग."