चार बोटं बाहेर

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकून बसणाऱ्याला कीर्तनातला अभंग ऐकू येतो, पण बुवांच्या डोळ्यांतलं पाणी दिसत नाही. आणि मी आज सांगणार आहे ती गोष्ट जेमतेम हातभर अंतराची आहे, लांबून कशी दिसायची? गोष्ट प्रेमाची आहे. फक्त हिची नायिका बराच वेळ मान खाली घालून उभी आहे. का, ते ऐका.

सिंगापुरात वन-नॉर्थ आणि बुओना व्हिस्टा ही दोन स्टेशनं शेजारीशेजारी. एमआरटी मेट्रोत बसायला जागा दिसेपर्यंत दुसरं येतंसुद्धा. पण शेजार म्हटला की भाऊबंदकी आलीच. इथल्या ऑफिसांतल्या आयरिश मंडळींनी आपल्या देशाचा गेलिक फुटबॉल सगळ्यांना शिकवला आणि दोन्हीकडे बायका-पुरुषांची मिळून एकेक टीम उभी राहिली. बॉल हातात घेऊन पळायचंही आणि पायाने मारायचंही, असा तो खेळ. गोलाचे दोन खांब चांगले उंच, मध्ये आडवी दांडी. दांडीखालून जाळ्यात गेला तर तीन गुण, दांडीवरून दोन खांबांच्या मधून गेला तर एक. त्या खांबाशी पांढरा कोट घालून एक पंच उभा असतो. गुण झाला की त्याने पांढरं निशाण हलवायचं. बॉल बाहेर गेला की डोक्यावर दोन्ही हातांची फुली करायची. खरा सीझन सुरू होण्याआधी एक छोटी सरावाची स्पर्धा असते. तिच्यात माणसं कमी, म्हणून प्रत्येक टीमने एका गोलाला आपला एक माणूस द्यायचा. तो काय म्हणेल ते खरं. सगळा विश्वासाचा मामला.

त्या शनिवारी वन-नॉर्थने दिली अनघा.

अनघा सांगलीची. वन-नॉर्थच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. घोटा मुरगळल्यामुळे ती खेळत नव्हती, म्हणून पांढरा कोट तिच्या अंगावर आला. मॅच सुरू व्हायच्या आत आभाळ काळं झालं, वीज पडायचा इशारा देणारा भोंगा वाजला आणि सगळे धावत शेजारच्या इमारतीच्या तळाशी, व्हॉइड डेक म्हणतात त्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले. अनघाने तेवढ्यात बाबांना फोन लावला. आपली भाषा इथे कोणाला कळतेय, या भरवशावर मोकळ्या गळ्याने सांगत होती, की आज गाठ बुओना व्हिस्टावाल्यांशी आहे, सगळे आडदांड आहेत आणि त्यातला एक तर मागे कुत्रं लागल्यासारखा पळतो.

“कुत्रं नाही हो,” मागून आवाज आला. “जहाजावर इंजिनरूमचा अलार्म वाजला की असंच पळावं लागतं. सवय झालीय.”

अनघाने जीभ चावली. वळून पाहिलं तर भिजलेल्या पापण्या, कपाळावर चिकटलेले केस, आणि हातात कागदी पिशवीतला, करंजीसारखा करी पफ. प्रबोध त्याचं नाव. रत्नागिरीचा, मरीन इंजिनियर, दोन जहाजांच्या मधली सुट्टी मोठ्या भावाकडे बुओना व्हिस्टाला काढत होता. त्याने करी पफचे दोन तुकडे केले आणि अर्धा पुढे केला.

“घ्या. शत्रूपक्षाचा आहे, पण विष नाही घातलेलं.”

“नको. मग निकाल तुमच्या बाजूने द्यावा लागेल.”

“निकाल बॉल देतो. तुम्ही फक्त निशाण हलवायचं.” तो हसला. “शेवटचा बॉल मी तुमच्या डोक्यावरून घालणार आहे. निशाण हाताशी ठेवा म्हणजे झालं.”

काय हा तोरा… असं तिच्या मनात आलं. आणि करी पफ गरम होता, हेही आलं. पावसाच्या पडद्याआडून ती उगीचच एकदोनदा त्याच्याकडे बघून गेली.

पाऊस थांबला, मॅच झाली. शेवटचं मिनिट आलं तेव्हा वन-नॉर्थ एका गुणाने पुढे होती. बुओना व्हिस्टाला फ्री किक मिळाली, ती घ्यायला प्रबोध आला. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि भुवई किंचित उडवली. बस, तेवढंच. मग बॉल उडाला… उंच, ओला, जड. उजव्या खांबाच्या आतल्या अंगाने, चांगली चार बोटं जागा सोडून, तिच्या डोक्यावरून गेला. तिने पाहिला. स्वच्छ पाहिला. मागे वन-नॉर्थची सगळी टीम ओरडत होती, बाहेर, बाहेर. तिची कॅप्टन आणि फ्लॅटमेट स्मिता तर घसा फोडून. पायाशी निशाण होतं, वाकायचाच अवकाश. आणि देव जाणे काय झालं… त्या भुवईचा राग म्हणा, त्या ओरडण्याचा जोर म्हणा, तिचे दोन्ही हात वर गेले आणि डोक्यावर फुली झाली.

प्रबोध जवळ आला. “बाहेर?”

तिने मान डोलावली.

दुसरा कोणी असता तर भांडला असता. तो “बरं” म्हणाला आणि पाठ फिरवून चालू लागला. ते “बरं” अनघाच्या कानात तापलेल्या शिशासारखं उतरलं.

रात्री हॉकर सेंटरमध्ये वन-नॉर्थने जेवण केलं. सगळे अनघाच्या पाठीवर थापा मारत होते, ती ताटातला भात नुसता चिवडत होती. दुसऱ्या दिवशी रविवारचं कीर्तन. कम्युनिटी क्लबच्या खोलीत मराठी माणसं महिन्यातून एकदा जमतात आणि अनघा बुवांच्या मागे झांज धरते. बुवांनी नेमकं खोट्या साक्षीचं आख्यान लावलं. ते रंगात येऊन म्हणत होते, की बाबांनो, खोटं बोलणाऱ्याची जीभ झडत नाही, झडली असती तर सोपं होतं. जीभ शाबूत राहते, आणि मग तिने देवाचं नाव घ्यायची लाज वाटते. अनघाची झांज ठेका चुकली. बुवांनी नुसतं वळून पाहिलं. कीर्तन संपल्यावर ती प्रसादालाही थांबली नाही.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर तिचे पाय आपसूक मैदानाकडे वळले. तिथे प्रबोध एकटाच, पाचसहा बॉल घेऊन, त्याच जागेवरून किक मारत होता. त्यानेच सांगितलं, अगदी सहज, की कॅप्टन संग्रामने त्याच्याकडून फ्री किक काढून घेतल्यात. बरोबरच आहे त्याचं. एवढी सोपी किक हुकवली.

“मला वाटलं होतं, आत गेला,” तो म्हणाला. “पायाला तसं कळतं. पण पाय खोटं सांगत असेल तर… इंजिनियरला आपला अंदाज चुकतोय हे कळणं महत्त्वाचं असतं.”

सांगावं, आत्ता सांगावं, असं दहादा तिच्या ओठांवर आलं. आणि तिने काय केलं असेल? खांबामागे जाऊन बॉल गोळा करायला लागली. लाज वाटणारं माणूस असंच करतं हो, माफी मागायच्या ऐवजी कामाला लागतं.

मग रोजचंच झालं. सहाला ऑफिस सुटायचं, साडेसहाला ती खांबाशी. तो मारायचा आणि विचारायचा, “आत की बाहेर?” ती अगदी खरंखरं सांगायची. वीतभर आत. बोटभर बाहेर. एकदाही खोटं बोलली नाही, जणू त्या एका खोट्याची अशी फेड होणार होती. पाऊस आला की दोघं व्हॉइड डेकमध्ये, एका करी पफचे दोन तुकडे करून. तो इंजिनरूमच्या गोष्टी सांगायचा. तिथे इतका गोंगाट, की माणसं हातवाऱ्यांनी बोलतात. समोरच्याने अंगठा वर केला की व्हॉल्व्ह उघडायचा, त्यावर शंका घ्यायची नाही. ती कीर्तनाच्या गोष्टी सांगायची. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एकदा त्याने तिच्या केसांत अडकलेली गवताची काडी काढली आणि काडी हातात धरून उगीच उभा राहिला.

“फेकून दे की,” ती म्हणाली.

“देतो,” म्हणत त्याने ती खिशात ठेवली.

सुख असं दारात आलं होतं, आणि अनघाला त्याच्याकडे मान वर करून बघता येत नव्हतं. तो जितका गोड बोले तितकी ती आतून काळवंडे. स्पर्धा पुढे सरकत होती. गुणांच्या हिशेबात फायनलला पुन्हा तेच दोन शेजारी आले. आणि फायनलच्या आदल्या बुधवारी प्रबोधने सांगितलं, की जहाज ठरलंय. सोमवारी निघायचं, सहा महिने.

“जाण्यापूर्वी एक विचारायचं होतं,” तो म्हणाला. बॉल हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, “तुझ्या नजरेवर माझा विश्वास बसलाय, अनघा. स्वतःच्या पायापेक्षा जास्त. तर मी म्हणत होतो…”

“थांब,” ती म्हणाली. “पुढचं बोलू नकोस. त्या दिवशीचा बॉल आत होता.”

तो हसला. त्याला थट्टा वाटली.

“आत होता, प्रबोध. चार बोटं आत. मी पाहिला आणि मी फुली केली.”

मैदानापलीकडे कोणाच्या तरी सायकलची घंटी वाजली. प्रबोधने हातातला बॉल पिशवीत टाकला. मग एकेक करून सगळे बॉल उचलले, आज स्वतःच. पिशवीची नाडी ओढता ओढता एवढंच म्हणाला, “तीन आठवडे मी विचारत होतो, आत की बाहेर. आणि तू सांगत होतीस.” पिशवी खांद्यावर टाकून तो स्टेशनकडे गेला. वळला नाही.

घरी येऊन अनघाने बाबांना फोन केला आणि सगळं सांगितलं. तिचे बाबा शामकांत म्हणजे आयुष्यभर कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारा माणूस. रागावतील असं तिला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, “खोटं चारचौघांत बोललीस, आणि खरं एकाच्याच कानात सांगितलंस? पोरी, हे उरकणं झालं, कबुली नव्हे.”

त्या रात्री तिने दोन्ही टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. बॉल आत होता, मी खोटी खूण केली, प्रबोधची चूक नव्हती, मला क्षमा करा. रेफ्रीने कळवलं की झालेला निकाल बदलत नाही. बाकी ग्रुपवर शुकशुकाट. स्मिता त्याच फ्लॅटमध्ये राहून दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, तेही, आमची जीत नासवलीस एवढंच.

शनिवारी अनघा मैदानावर गेली खरी, पण दोरीच्या बाहेर उभी राहिली, चपलांकडे बघत. जायचं नव्हतं, तरी गेली. सोमवारी तो निघणार होता. लांबून एकदा पाहायला मिळालं तरी पुष्कळ.

रेफ्रीने पंच मागितले. स्मिताने सौमित्र नावाच्या मुलाला पुढे केलं. मग बुओना व्हिस्टाकडे वळून रेफ्रीने विचारलं, तुमचा कोण? संग्राम काही बोलायच्या आत प्रबोध पुढे आला.

“आमच्याकडून अनघा.”

“डोकं फिरलंय का तुझं?” संग्राम म्हणाला. “ती त्यांची आहे. आणि तिनेच तर…”

“तिनेच सांगितलं. न विचारता. आपल्यापैकी कोण सांगेल असं?” प्रबोधने पांढरा कोट उचलून दोरीपलीकडे धरला. तिच्याकडे मात्र बघितलं नाही.

अनघाने कोट घातला. बटणं लावली आणि खांबाशी जाऊन उभी राहिली.

आणि बघा देवाची करणी. शेवटचं मिनिट. वन-नॉर्थ एका गुणाने पुढे. बुओना व्हिस्टाला फ्री किक, जवळपास त्याच जागेवरून. संग्रामने बॉल स्वतःहून प्रबोधच्या हातात दिला. अनघाने मनातल्या मनात पांडुरंगाला हाक मारली. आत जाऊ दे रे… एवढा एक आत जाऊ दे. माझ्या तोंडाची काळोखी पुसली जाईल.

बॉल उडाला. उंच आला, सुंदर आला, आणि शेवटी वाऱ्याने की कशाने किंचित कलला. उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. या वेळी बुओना व्हिस्टाची सगळी टीम ओरडत होती, आत, आत. पायाशी निशाण होतं. वाकली असती तर कोणाला कळणार होतं? शाबासकीच मिळाली असती. डोळे भरून आले, समोरचं सगळं धूसर झालं. पण जे पाहायचं ते आधीच पाहून झालं होतं. तिने हात वर केले. डोक्यावर फुली केली आणि तशीच उभी राहिली, रेफ्रीची शिट्टी वाजेपर्यंत.

प्रबोध चालत आला. घामाने निथळत, मांडीवर चिखल. अगदी समोर उभा राहिला.

“बाहेर?”

“बाहेर.”

“किती?”

“चार बोटं,” ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

त्याने मोठा श्वास सोडला, खांद्यावरचं ओझं उतरवल्यासारखा. “आता पटलं,” तो म्हणाला.

“काय?”

“की त्या दिवशीचा आत होता.”

मागे वन-नॉर्थवाले नाचत होते. स्मिता नाचता नाचता थांबून या दोघांकडे बघत होती. संग्राम कपाळावर हात मारून घेत होता. प्रबोधने खिशातून एक वाळकी काडी काढली, तळहातावर धरली आणि हळूच म्हणाला, “बुधवारचं वाक्य अर्धं राहिलंय. सहा महिने इंजिनरूममध्ये कान किटतात, तिथे मी फक्त खुणेवर चालतो. तेव्हा खूण कर. मी… आत की बाहेर?”

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच अनघाने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. भिजलेल्या पापण्या तशाच होत्या. मग ती वाकली, पायाशी पडलेलं पांढरं निशाण उचललं आणि त्याच्या नाकासमोर एकदा हलवलं.

सोमवारी जहाज सुटलं. तो सध्या कुठल्या समुद्रात आहे ते मलाही माहीत नाही. अनघा रविवारी झांज धरते आणि आता ठेका चुकत नाही. तुम्ही एवढं करा. संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल तेव्हा जहाजाच्या पोटात, गोंगाटात, कोणाच्या तरी खुणेवर विश्वास ठेवून उभ्या असलेल्या त्या प्रबोधची आठवण काढा. सुखरूप परत येऊ दे म्हणा. इकडे खांबाशी एक मुलगी वाट बघत उभी आहे.