उसनं पाणी

सन एकोणीसशे सत्त्याण्णव. मे महिन्याचा शेवटचा शनिवार. रात्रीचं जेवण उरकून लुईस डिझेलचा डबा घेऊन केळीच्या वाडीकडे निघाला. पाण्याची पाळी त्याची होती. एवढंच साधं काम.

हा लुईस आपल्या गिरीज गावचाच, माझ्या चांगल्या ओळखीचा. खोटं बोलणारा माणूस नव्हे. आयुष्यात एकदाच बोलला, त्याचीच ही गोष्ट आहे. मध्ये कुणी बोलायचं नाही. भीती वाटत असेल त्याने आत्ताच घरात जावं.

त्या वर्षी बावखलाचा तळ दिसू लागला होता. बावखल म्हणजे वाडीतलं झऱ्याचं तळं. हल्ली हेही सांगावं लागतं. उमेळ्याकडे इमारती उठत होत्या. टँकर रात्रंदिवस विहिरी उपसून न्यायचे, आणि जमिनीतलं पाणी खाली खाली चाललं होतं. बावखलात उरलेल्या पाण्यावर तीन वाड्या होत्या. लुईसची, सदानंदची आणि व्हॅलेरियनची. एका रात्री एकाने उपसायचं, मग झऱ्यांना वेळ द्यायचा.

आदल्या उन्हाळ्यात लुईसने केळीची नवी लागवड केली. त्याला पाणी पुरेना. व्हॅलेरियनने मे महिन्यातल्या आपल्या सगळ्या पाळ्या त्याला दिल्या. स्वतःची वांगी डोळ्यांदेखत वाळू दिली. म्हणाला, "पुढच्या मेमध्ये फेड." आपल्याकडे रीतच तशी. उन्हाळ्यातलं उसनं उन्हाळ्यातच फेडायचं. पावसात दिलेलं पाणी कोण हिशेबात धरतो?

त्याच पावसात व्हॅलेरियन तापाने गेला. मागे बायको उरली, मटिल्डा. तिने एकटीने केळी लावली. घड बाहेर पडले आणि पुन्हा मे आला. एका पाळीत तिचं भागेना. पानं करपली. तिने लुईसला बावखलावरच गाठलं. सदानंदही तिथेच होता.

"लुईसभाऊ, यांचं पाणी राहिलंय तुमच्याकडे."

"कसलं पाणी, वहिनी?"

"घड पोसले नाहीत तर मी वर्ष कसं काढू?"

"व्हॅलेरियन मला काही बोलला नव्हता."

सदानंदने बिडी विझवली. "मग त्यालाच जाऊन विचार, लुईस. कबरस्तान काही लांब नाही."

लुईस हसला. मटिल्डा हसली नाही.

आता त्या शनिवारकडे या. पाणी धरायला माणसं दोन लागतात. एक पंपाच्या इंजिनापाशी, दुसरा केळीत फावडं घेऊन. वाफा भरला की केळीतला हाक देतो, "भरलं!" इंजिनावरचा ओ देतो. मग पुढचा वाफा. सुरुवात लांबच्या कुंपणाकडून, शेवटचा वाफा इंजिनाला लागून. आणि एकदा ओ दिली की शेवटचा वाफा भरेपर्यंत पाणी तोडायचं नाही. भावाभावांची भांडणं झाली तरी ही रीत कुणी मोडली नाही.

केळीत नेहमी लुईसचा मुलगा असायचा, जेसन. पण तो वसईला लग्नाला गेला होता, उशिरा येणार होता. लुईसने डिझेल घातलं, हँडल मारलं. इंजिन धडधडलं. पाणी पाटात पडलं. तो बसला.

थोड्या वेळाने लांबून हाक आली.

"भरलं!"

जेसन लवकर आला वाटतं. लुईसने सवयीने ओ दिली. "होऽऽ!"

आणि मग तो थबकला. हाक डावीकडून आली होती. त्याची केळी उजवीकडे होती.

टॉर्च घेऊन तो पाटावर गेला. त्याच्या वाडीकडचं तोंड चिखलाने बंद. नीट थापून बंद केलेलं. मटिल्डाच्या वाडीकडचं उघडं. सगळं पाणी तिकडे चाललेलं.

"वहिनी!" तो ओरडला. "रात्रीची चोरी करता? बाहेर या!"

कुणी आलं नाही. मटिल्डाच्या घरात दिवा नव्हता. केळीत पाण्याचा आवाज तेवढा...

"भरलं."

पुरुषाचा आवाज.

लुईसने ओ दिली नाही.

आवाज पुन्हा आला. त्याच जागेवरून. "भरलं." थोडं थांबून, पुन्हा. रागावून नाही. जसा माणूस वाट बघतो, तसा.

लुईस पळत इंजिनाकडे आला. बंद करायचा खटका ओढला. इंजिन अडखळलं... आणि चालूच राहिलं. परत ओढला. चालूच.

"भरलं..."

"हो," लुईस म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

तेव्हा हाक पुढच्या वाफ्यातून आली.

मग तसंच सुरू झालं. हाक. ओ. हाक. ओ. प्रत्येक वेळी थोडी जवळ. लुईसला कळत होतं ती कुठे येऊन थांबणार. पाय उचलत नव्हते. टॉर्च लावायची हिंमत नव्हती. डिझेल संपेल, आता संपेल, एवढंच मनात. संपत नव्हतं.

केळीची जवळची पानं हलली. वारा नव्हता.

फावड्याचा आवाज... खच्च.

ओल्या चिखलाचा वास.

लुईसने डोळे मिटले.

इंजिन धडधडत होतं. तरी तो आवाज स्वच्छ ऐकू आला. कानाशी. अगदी हळू.

"भरलं."

"हो, व्हॅलेरियन."

इंजिन आपोआप थांबलं.

...

चर्चची पहाटेची घंटा झाली तेव्हा लुईस तिथेच बसलेला होता. मटिल्डा आली. कुंपणापासून इंजिनापर्यंत तिचा एकूण एक वाफा तुडुंब होता. लुईसची केळी कोरडी ठणठणीत.

"पाण्याची दारं कुणी धरली, लुईसभाऊ?" तिने विचारलं.

लुईसने इंजिनाच्या टाकीचं झाकण काढलं. आत डिझेलचा थेंब नव्हता. वासही नव्हता. टाकी काठोकाठ पाण्याने भरलेली होती. त्याने बोट बुडवून चाखलं. मेमध्ये बावखलाचं पाणी मचूळ होतं. हे गोड होतं.

मटिल्डानेही चाखलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

लुईसने टाकी सोडवली, दोन्ही हातांनी उचलली आणि तेही पाणी मटिल्डाच्या केळीच्या बुंध्यात ओतलं. शेवटच्या थेंबापर्यंत.

"फिटलं, वहिनी," तो म्हणाला.